मशीनचा दम

नागनाथअप्पा गेल्याची बातमी सकाळी सव्वानऊच्या सुमारास आली. फोन त्यांच्या मुलीचा, महानंदाचा होता. ती पाथरीच्या शाळेत शिकवते आणि वडिलांना बरं नाही म्हणून रजा काढून आठवडाभर बोरीला आली होती. "काका, अप्पा गेले," एवढं म्हणून ती थांबली... मग म्हणाली, "गावाला निरोप द्यायचाय. कुणी द्यायचा तेच कळंना झालंय." बाहेरच्या माणसाला हे वाक्य विचित्र वाटेल, बोरीतल्या माणसाला वाटणार नाही. जिंतूर तालुक्यातल्या या मोठ्या गावात कोण वारलं, माती किती वाजता, हे चाळीसहून अधिक वर्षं नागनाथअप्पांनीच मठाच्या छपरावरच्या कर्ण्यातून सांगितलं होतं. त्या सकाळी त्यांच्या जागी बसायला कोणी पुढे येईना. शेवटी महानंदा स्वतः बसली. निरोप तिने आधी कागदावर लिहून घेतला, कारण अप्पा तसंच करीत. दोन वाक्यांचा निरोप होता. दुसरं वाक्य संपता संपता कर्ण्याच्या मशीनमधून जळका वास आला आणि कर्णा बंद पडला.

मी परभणीहून पोचलो तेव्हा दुपार झाली होती. लिंगायत रीतीप्रमाणे अप्पांना बसलेल्या स्थितीत, कपाळभर विभूती लावून समाधी दिली. माणसं पांगल्यावर महानंदा मला मठात घेऊन गेली. सभामंडपाच्या कोपऱ्यात, लाकडी चौरंगावर मशीन होती. मशीन म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, ॲम्प्लिफायर. बोरीत त्याला दुसरं नाव नाही. जाड लोखंडी पेटी, पुढे चार खुंट्या, वरच्या जाळीतून दिसणाऱ्या काचेच्या सहा नळ्या. गावात त्यांना दिवे म्हणतात. "वास अजून यायलाय बघा," महानंदा म्हणाली. मठाचा सात दिवसांचा सप्ताह दीड महिन्यावर आला होता आणि सप्ताहातलं सगळं भजन याच मशीनवर होत असे. "काका, दुरुस्त करावी का नवीच घ्यावी?" हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. त्यानंतर ती कितीदा तरी तेच विचारत राहिली.

प्रश्न वाटतो तितका सरळ नव्हता. मशीन अप्पांच्या वडिलांनी आणली होती, एका बंद पडलेल्या फिरत्या टॉकीजकडून. त्यांचं बोरीत किराणा दुकान होतं. मशीन घराण्याची, पण ठेवायची मठात, आणि घराण्यातल्या एकाने तिच्यासमोर बसून सेवा करायची, असं तेव्हा ठरलं. वडिलांनंतर ती सेवा अप्पांकडे आली. अप्पांना एकच मुलगी. नवा संच आला असता तर तो मठाच्या समितीचा असता आणि कोणीही चालवला असता. समितीतल्या तरुणांनी तशी तयारीही दाखवली होती, ती चांगल्या मनानेच. म्हणजे मशीन बदलली की घराण्याची सेवा तिथे संपणार होती. महानंदाला याची खंत होती का, असं मी विचारलं तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितलं की लहानपणी तिला या मशीनचा रागच यायचा. सप्ताहाच्या दिवसांत घरात अप्पा सापडत नसत. तिची काळजी वेगळीच होती. ती काळजी कळण्यासाठी आधी अप्पांची काम करण्याची पद्धत सांगायला हवी.

माझी त्यांची ओळख कर्ण्यामुळेच झाली. मी जिल्ह्याच्या वार्ताहराचं काम करीत होतो आणि गारपिटीची बातमी करायला बोरीत आलो होतो. चावडीजवळ उभा असताना वरून आवाज आला: "एक म्हैस हरवली आहे. डावं शिंग अर्धं मोडलेलं आहे. काल दुपारपासून नाही. दिसल्यास मठाशेजारच्या किराणा दुकानात सांगावं." संपलं. नमस्कार नाही, विनंती नाही, पुन्हा पुन्हा तेच नाही. बातमी कशी लिहावी हे आमच्या कार्यालयात नव्या माणसाला शिकवायला महिने जात. मी दुकान शोधत गेलो. काउंटरमागे ठेंगणा, गोरा, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर लावलेला माणूस साखर मोजत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली आणि मग विचारलं, "पेपरवाले का? बरं झालं आलाव. तुमच्या पेपरात एकाच बातमीत 'भव्य' तीनदा कामून लिहितात हो?" पुढे तीस वर्षं त्यांनी मला पेपरवाले याच नावाने हाक मारली.

निरोपातून विशेषणं काढणं हा त्यांचा नेम होता. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत 'लाडके', 'तडफदार' आणि 'जनतेच्या गळ्यातील ताईत' असं लिहिलं होतं. अप्पांनी कर्ण्यावरून नाव, वेळ आणि जागा तेवढी सांगितली. माणूस भांडायला आला तेव्हा ते म्हणाले, "कर्णा लय जुना हाय भाऊ. एवढं वजन टाकलं तर खाली येईल." त्याच माणसाची आई पुढे वारली. तेव्हा त्याने दिलेल्या चिठ्ठीत फक्त नाव आणि वेळ होती. अप्पांनी त्यात स्वतःहून एक गोष्ट घातली: ती बाई गावातल्या बायकांची बाळंतपणं करायची. ती माहिती होती, विशेषण नव्हतं. मातीला अख्खं गाव लोटलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. रेडिओ, टेप, जुने पंखे तिथे दुरुस्तीला येत. शिक्षण म्हणावं असं काही नव्हतं, वडिलांजवळ बसून आणि वस्तू उघडून उघडून शिकलेले. वस्तू आली की ते आधी उघडत नसत. मालकाला स्टुलावर बसवून एकच विचारत: "आदी कसा वाजायचा?" बंद कसा पडला, कधी पडला, हे नंतर. चारठाण्याची एक म्हातारी नवऱ्याचा ट्रान्झिस्टर घेऊन आली होती. अप्पांनी तो दुरुस्त केला, नवा स्पीकर टाकला. खणखणीत आवाज निघाला. म्हातारीने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "ह्यो आमचा न्हाई बाबा." अप्पा म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या डोळ्यापुढं उघडला की." ती म्हणाली, "डबा आमचा हाय. आवाज दुसऱ्याचा हाय." ते हसले नाहीत. विचारत विचारत त्यांनी शोधून काढलं की म्हातारा रेडिओ नेहमी धोतराच्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवायचा. मग त्यांनी स्पीकरच्या तोंडाशी आतून कापडाचा एक तुकडा चिकटवला. म्हातारी रेडिओ घेऊन गेली. वस्तू पुस्तकात लिहिल्यासारखी झाली म्हणजे दुरुस्त झाली, असं ते मानीत नसत. मालकाने "हाच तो" म्हटलं की झाली.

आता मशीनचा दम. जुन्या नळ्यांच्या मशीनला चालू केल्याबरोबर आवाज येत नाही. दिवे तापायला अर्धा मिनिट लागतो. मग आतून एक बारीक, सलग घुं असा आवाज येऊ लागतो आणि तो तसाच राहतो. वीज साफ करण्यासाठी मशीनमध्ये कंडेन्सर असतात. ते वाळले की हा आवाज येतो. तो बिघाड आहे. बोरीत त्याला मशीनचा दम म्हणत आले. भजनी मंडळाचे म्हातारे मशीनच्या शेजारीच बसतात, आणि त्यांनी, कोणीही न शिकवता, त्या घुंमधून सूर घ्यायला सुरुवात केली. कधी, ते कोणालाच आठवत नाही. मशीन चालू करायची, डोळे मिटून बसायचं, दम आला की मंडळाचे म्होरके काशिनाथअण्णा पहिला शब्द उचलायचे. अप्पा चालू करताना माईकमध्ये म्हणत, "दम धरा." थांबा असाही त्याचा अर्थ, आणि सूर धरतात तसा मशीनचा दम धरा असाही. गावाला दोन्ही अर्थ एकदमच कळत.

यातली अडचण बाहेरच्यांना कळायची. परभणीहून एकदा पेटीवादक आला. त्याने पांढरी पाच दाबून पाहिली, काळी चार दाबून पाहिली आणि पेटी बंद केली. "तुमचं गाव ह्या दोन्हींच्या मधी गायलंय," तो म्हणाला. तेव्हापासून बोरीच्या सप्ताहात पेटी नाही. टाळ, मृदंग आणि मशीन.

अप्पांना या गोष्टीची लाज वाटत असे. दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची मशीन भर मंडपात घुं करते, हे त्यांना खटकायचं. एका वर्षी सप्ताहाच्या आधी त्यांनी परभणीहून नवे कंडेन्सर आणले आणि बसवले. मशीन चिडीचूप झाली. पहिल्या दिवशी सकाळी म्हातारे डोळे मिटून बसले... आणि बसूनच राहिले. पुढचं संभाषण अप्पा मला दर दोन-तीन वर्षांनी सांगत, दोघांच्याही आवाजात.

"नागनाथ, मशीन चालू कर की."

"चालूच हाय, अण्णा."

"मंग दम कुठाय?"

"काढला. बिघाड व्हता तो."

"बिघाड व्हता? आन मंग इतके दिस आमी काय बिघाडात गायलाव व्हय?"

"ह्याला काय उत्तर देताव, पेपरवाले?" असं म्हणून ते टेबलावर हात आपटून हसत. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं नव्हतं. तीन म्हातारे तीन वेगळ्या सुरांत गेले, अण्णांचा आवाज पहिल्याच कडव्यात फाटला आणि ते मधूनच उठून गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनमधून पुन्हा घुं सुरू झालं होतं. कोणीतरी पळत जाऊन अण्णांना आणलं. गावात म्हणू लागले, मशीन बरी झाली. अप्पांनी काय केलं होतं हे मी विचारलं नाही. जुने कंडेन्सर परत लावले असतील असं धरून चाललो. वार्ताहराचा एक साधा प्रश्न विचारायचा राहून जावा, तसा तो राहिला.

आमची शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या महिनाभर आधीची. तब्येत उतरली होती, तरी वायरी डागायची सोल्डरची पेन्सिल हातात होती. मी म्हणालो, "अप्पा, आता समितीला नवी मशीन घेऊ द्या." ते म्हणाले, "घेऊ द्या की. पण नवी घेतली की पयलं काम काय करावं लागंल, ठाव हाय का? बिघडवावी लागंल." मला तो विनोद वाटला.

ते गेल्यानंतर महानंदाची काळजी हीच होती. काशिनाथअण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत. मंडळातले बाकीचे पाच जणही त्याच वयाचे. ऐकू कमी येतं, पण दम ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. नवी मशीन आणली तर दम नाही. जुनी कोणा चांगल्या कारागिराकडे दुरुस्तीला दिली तर तो सगळ्यात आधी दमच काढणार. आणि जशी आहे तशी ठेवावी तर ती जळालेली. "अण्णा ह्या साली उठून गेले, तर पुन्हा येणार न्हाईत," ती म्हणाली. "अप्पांच्या माघारी पयलाच सप्ताह हाय. भजन मोडलं तर लोक म्हणतील, अप्पा गेले आन भजन बी गेलं." तिने अण्णांनाही विचारून पाहिलं होतं. ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मशीनचं मला इचारू नगस. मला दम पायजे. तो कुठनं आणायचा ते तुजं तू बघ. बापानं काही शिकिवलं असंल की."

सप्ताहाला तीन आठवडे राहिले असताना ती जीपमधून मशीन घेऊन परभणीला आली. मी तिला रफिकभाईंकडे घेऊन गेलो. जुन्या नळ्यांचं काम करणारे जिल्ह्यात आता दुसरे कोणी माझ्या माहितीत नाहीत. हैदराबादला मामाकडे शिकलेले, साठीतले, फार न बोलणारे. त्यांनी मशीन उलटी केली, खालचा पत्रा काढला आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले. ट्रान्सफॉर्मर जळाला होता, तो पुन्हा गुंडाळता येईल, बाकी सगळं ठीक आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी पेचकसाच्या टोकाने एक जागा दाखवली. "ये किसने किया?"

"अप्पांनीच केलं असंल. दुसरं कोणी हात लावत नव्हतं," महानंदा म्हणाली.

नवे कंडेन्सर तिथेच होते, नीट बसवलेले, चांगल्या अवस्थेतले. अप्पांनी ते कधी काढलेच नव्हते. त्यांच्यापासून एक वायर मागच्या बाजूला जात होती, एका लहानशा काळ्या बटणाकडे. बटण मागे, भिंतीकडच्या अंगाला होतं, समोर बसणाऱ्याला न दिसणारं. बटणाच्या दोन बाजूंना लोखंडावर सुईने कोरलं होतं: एकीकडे 'निरोप', दुसरीकडे 'भजन'. 'निरोप'वर ठेवलं की कंडेन्सर जोडले जात, मशीन चिडीचूप. 'भजन'वर नेलं की त्यांची जोडणी तुटे आणि दम सुरू होई. गावाला निरोप स्वच्छ ऐकू गेला पाहिजे आणि अण्णांना दम मिळाला पाहिजे, या दोन्हींसाठी त्या दोन दिवसांत त्यांनी हे केलं होतं आणि नंतर कोणालाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही, मुलीलाही नाही. माझ्या उभ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. आपली हुशारी लोखंडी पत्र्याखाली ठेवून वर 'मशीन बरी झाली' असं ऐकून घेणारा माणूस हा एकच.

रफिकभाई हसले. "पहले दुरुस्त किया, फिर दुरुस्ती बंद करने का बटन लगाया. वा." मग त्यांनी महानंदाला समजावलं, "बेटी, ये दम मशीन का नई है. लाइट का है, बिजली का. जहां लाइट, वहां ये आवाज. मशीन उसकू रोकती. तुम्हारे अब्बा रोकना बंद करते थे, बस."

"मंग ट्रान्सफॉर्मर बांधा आन बटण हाय तसं राहू द्या."

रफिकभाई पत्रा हातात धरून बसले. "वो नई होता. मैं खराबी निकालता हूं, खराबी डालता नई. मशीन मेरे दुकान से घुं घुं करते जाएगी, तो लोग क्या बोलेंगे? रफिक ने बनाई बोलेंगे."

"बोरीला कोण येतंय ऐकायला?"

"मैं तो सुनूंगा ना."

महानंदाने त्यांना अण्णांबद्दल सांगितलं, भजन मोडलेल्या त्या सकाळबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो नई मशीन लेव. कायकू इतना?" ती टेबलाकडे बघत राहिली. टेबलावरची मशीन, तिच्या पोटातल्या वायरी, प्रत्येक वायर कापडी दोऱ्याने बांधून काटकोनात वळवलेली... रफिकभाईही तिकडेच पाहत होते. कामाची ती सफाई त्यांच्याही नजरेतून सुटली नव्हती. दोन कारागिरांतला एक नव्हता आणि दुसरा हटत नव्हता, आणि दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. अखेर रफिकभाई म्हणाले, "एक करता. इनके हाथ का काम है, निकालने कू दिल नई होता. बटन रहने देता. लिखा हुआ भी रहने देता. लेकिन कंडेन्सर सीधा जोडता. बटन में तार नई डालता. खाली बटन."

"म्हणजे दाबलं तर?"

"टक् बोलेगा. और कुछ नई."

तिच्यासमोर तेव्हा सगळं मांडलेलं होतं: दम नसलेली नवी मशीन, किंवा दम नसलेली जुनी. "ठेवा बटण," ती म्हणाली. मी तिला बसस्थानकावर सोडायला गेलो तेव्हा विचारलं की मग नवी घेण्यात आणि हिच्यात फरक काय राहिला. ती म्हणाली, "काका, नवीला बटणच नसतंय ना."

सप्ताहाच्या पहिल्या सकाळी मी बोरीत होतो. महानंदा मशीनसमोर बसली. सप्ताहात त्या जागी बाई कधी बसली नव्हती. समितीतल्या एका वयस्कर माणसाने तसं बोलूनही दाखवलं. काशिनाथअण्णा टाळांच्या दोऱ्या सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "तू बसतूस का मंग? तुला त्यातलं काय कळतंय? बस खाली." तो बसला. महानंदाने मशीन चालू केली. दिवे हळूहळू लाल झाले. सहाही म्हातारे डोळे मिटून बसले. तिने हात मशीनच्या मागे नेऊन बटण 'भजन'वर केलं. टक् आवाज झाला. मी मशीनपासून हातभर अंतरावर होतो. मशीनमधून काहीही येत नव्हतं. महानंदाचे ओठ घट्ट मिटलेले होते... तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग अण्णांनी पहिला शब्द उचलला. दुसऱ्या शब्दाला बाकीचे पाच जण आले, त्याच सुरात. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

मी सवयीने खात्री करून घेतली. माझ्या फोनमध्ये सूर मोजायची सोय आहे. काटा पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे होता, जरा पांढरीच्या बाजूला. हे कसं झालं ते मी सांगू शकत नाही. इतक्या वर्षांत तो सूर त्यांच्या गळ्यात मुरला असेल आणि त्या टक् आवाजावरच त्यांना तो सापडत असेल. अप्पांनी ते बटण बसवल्यापासून प्रत्येक भजनाआधी तो आवाज होतच असणार. मठाच्या मागे काही वर्षांपूर्वी विजेची डीपी उभी राहिली आहे; शांत असलं की तिचंही घुं ऐकू येतं, आणि रफिकभाईंचं म्हणणं खरं मानलं तर तिचा सूर तोच असणार. मी मागे जाऊन ऐकूनही आलो. ऐकू येतं, पण फार बारीक. ऐंशीच्या पुढच्या कानांना मंडपात बसून ते ऐकू येत असेल असं वाटत नाही. अप्पा असते तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं, किंवा मुळीच सांगितलं नसतं.

भजन संपल्यावर अण्णा काठी टेकत मशीनपाशी आले. त्यांनी जाळीवर पंजा ठेवला, गरम आहे का ते पाहिलं. "चांगली केलीस गं," ते म्हणाले. "आज दम लय साफ आला. नागनाथाच्या टायमाला जरा खरखर असायची." महानंदा म्हणाली, "व्हय अण्णा." तिने मशीन बंद केली, बटण पुन्हा 'निरोप'वर नेलं आणि वर कापडी झाकण घातलं.

सातही दिवस भजन झालं. शेवटच्या दिवशी जेवणाच्या पंगती चालू असताना महानंदाला रफिकभाईंचा फोन आला. पंगतीच्या गलबल्यात ऐकू येईना म्हणून तिने आवाज मोठा केला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. ट्रान्सफॉर्मर गरम होतो का, फ्यूज उडाला का, हे सगळं त्यांनी विचारलं. नाही, नाही, ती सांगत गेली. मग ते थोडे घुटमळले.

"और बेटी... वो बटन?"

"चालायलंय," महानंदा म्हणाली.